तपासून झालेले ठोकळे

दूध घालूनही चहा काळपट होता.

“घ्या की म्याडम. रंगाकडं बघू नका,” आमच्या कारखान्यातल्या बिराची बायको सुलाबाई म्हणाली. “नव्या हौदाच्या पान्याचा च्या असाच हुतोय. पन डाळ बघा! आदी सकाळी चुलीवर ठेवली तर दुपार व्हायची. आता दोन उकळ्यात पीठ. चिमूटभर सोडासुदिक लागत न्हाय.”

कप ओठांपाशी गेला होता. मी तो खाली ठेवला.

“कुठला नवा हौद?”

“ह्यो काय तुमच्या पाठीमागं!”

मागे कडुलिंबाच्या सावलीत हौद होता. कमरेइतका उंच, दोन खाटांएवढा लांब, बाहेरून थापीनं घोटून गुळगुळीत केलेला. पुढच्या बाजूला हळदीकुंकवाची पाच बोटं ओढलेली. काठावर बिराचा म्हातारा बाप, म्हाळाप्पा, दोन्ही हात काठीवर ठेवून बसला होता. जणू हौद पळून जाईल आणि त्याला तो धरून ठेवायचा आहे.

मे महिना. रविवार. सकाळचे साडेनऊ. बाराला पंगत बसायची होती, साठ पानांची. बिराच्या थोरल्या मुलीची, छबूची, ओटी भरायची होती. सातवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती मार्चमध्येच येऊन राहिली होती. दोन महिने. दोन महिने ती या हौदाचं पाणी पीत होती.

मी चहाचा घोटही घेतला नाही. हे मी पुढे चौकशीत सांगितलं. चौकशीत सांगितलेल्या मोजक्या खऱ्या गोष्टींपैकी ती एक.

•

*प्रश्न: मेटकरी वस्तीवर आपण कशासाठी गेला होता?*

*उत्तर: बिरा मेटकरी आमच्याकडे मिक्सरवर आहेत. त्यांच्या घरी कार्यक्रम होता. आमंत्रण होतं.*

*प्रश्न: हौदासाठी कोणता माल वापरला आहे याची आपणांस पूर्वकल्पना होती?*

*उत्तर: नाही.*

•

आमचा कारखाना काही बनवत नसे. इतरांचं विष घेत असे. बॅटऱ्या गाळणारे, धातूला मुलामा देणारे, रंग करणारे असे तीस-चाळीस कारखाने आपला गाळ आमच्याकडे पाठवायचे. त्यात शिसं असायचं. शिसं जळत नाही, कुजत नाही, संपत नाही. त्याला फक्त अडकवून ठेवता येतं. म्हणून गाळात सिमेंट कालवायचं, ठोकळे पाडायचे आणि प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात ते पुरायचे. कालवण्याचं काम बिराचं. शिसं नीट अडकलंय की नाही हे सांगण्याचं काम माझं. प्रयोगशाळेत मी एकटी होते. वय सत्तावीस.

दर घाण्यातले सहा ठोकळे माझ्याकडे यायचे. अठ्ठावीस दिवस ते पाण्याच्या टबात भिजवायचे, मग दाबाच्या मशीनवर फोडायचे. त्यांचा चुरा आंबट पाण्यात अठरा तास घुसळायचा आणि त्या पाण्यात शिसं किती उतरलं ते मोजायचं. आंबट पाणी का, तर कचऱ्याच्या खड्ड्यात मुरणारं पाणी आंबट असतं. नियमांच्या पुस्तकात तसंच लिहिलेलं होतं. आमचे ठोकळे दरवेळी पास व्हायचे. उरलेले तुकडे मी खिडकीतून मागे टाकायचे. चार वर्षांत तिथे माझ्या उंचीचा ढीग झाला होता.

रविवारच्या आधीचा शुक्रवार. भिजवायचा टब धुवायचा होता. त्यात साधं बोअरचं पाणी. ओतून देण्याआधी एक बाटली भरून मशीनला लावली. कशासाठी, सांगता येणार नाही. हाताला चाळा.

आकडा बघून मी मशीन बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा लावलं.

तोच आकडा. आंबट पाण्यात उतरायचं त्याच्या चाळीसपट.

अर्ध्या तासानं कळलं. सिमेंटात चुना असतो. आंबट पाणी त्या चुन्याला मारतं, आणि ना आंबट ना चुनखडं अशा मधल्या पाण्यात शिसं गप्प पडून राहतं. साध्या पाण्यात चुन्याला मारायला कोणी नाही. पाणी खारं नव्हे, चुनखडं होत जातं, साबणासारखं बुळबुळीत. अशा पाण्यात शिसं पकड सोडतं. सिमेंट जितकं जास्त तितका चुना जास्त. तितकं शिसं बाहेर.

चार वर्षं मी आंबट पाण्यात तपासत होते. साध्या पाण्यात कोणी तपासलंच नव्हतं.

आकडा मी रजिस्टरमध्ये पेन्सिलीनं लिहिला. सोमवारी साहेबांना दाखवू म्हटलं.

चुनखड्या पाण्यात डाळ लवकर शिजते. चहा काळा पडतो.

•

बिरा मांडवाच्या मागं चुलाण्यापाशी होता. उघडा, खांद्यावर पंचा, हातात भाताचा झारा.

“बिरा, इकडे ये.”

“भात करपंल म्याडम.”

“करपू दे. ये.”

तो हसत आला. बिरा एरवी कारखान्यात फारसा हसायचा नाही. मिक्सर चालू असताना तोंड उघडायचं नाही हा त्याचा स्वतःचा नियम होता.

“हौदात खडी कुठली घातलीस?”

“तुमच्या ढिगातली की. ठोकळ्यांची. घनानं बारीक केली, चाळली, सा ट्रिपा झाल्या फटफटीवर.” मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, “का वो?”

“आणि सिमेंट?”

“दुप्पट!” अभिमानानं. “शिमिटाच्या एकाला खडी चार घालत्यात लोक. म्या एकाला दोन घातलं. लेक यायची म्हनल्यावर हात आकडता घिऊन कसं चालंल? आन तुमीच तर—”

तो पुढे एक वाक्य बोलला. ते नंतर सांगते.

•

छबू आतून आली. हिरवं लुगडं, हिरवा चुडा, कपाळाला मळवट. फुलांच्या वाड्या बांधायच्या राहिल्या होत्या. ती काहीतरी चघळत होती.

“काय खातेस गं?”

ती लाजली. पदर तोंडाला लावला. सुलाबाईच हसत बोलली, “इचारू नका. कुनाला चिच्चा लागत्यात, कुनाला बोरं. हिला डव्हाळं मातीचं. आदी चुलीची माती खरवडायची. आता हौदाचा काठ. रोज उटून काठाचं पोपडं काढती आन चघळत बसती. तिकडं बघा, कोपरा कसा उंदरानं कुरतडल्यावानी केलाय.”

“ओल्या शिमिटाचा वास लई ग्वाड येतो,” छबू म्हणाली. “तोंडाला पानी सुटतं.”

बोलताना तिच्या खालच्या दातांवर राखाडी कण दिसले.

सगळ्या बायका हसल्या. मी तिचा हात धरला, ओढत मांडवाबाहेर नेलं आणि म्हणाले, “थुंक. थुंक आधी.”

“काय झालं म्याडम?”

“थुंक!”

ती थुंकली. घाबरून. सुलाबाईचं हसू गेलं.

“ओटीच्या दिवशी पोरीला असं वरडत्यात व्हय?” म्हाळाप्पा हौदावरून म्हणाला. “बाई शिकल्याली दिसती, पन रीत न्हाई.”

•

मी सांगितलं. उभ्याउभ्या सगळ्यांना सांगितलं. की या हौदाच्या भिंतीत शिसं आहे. ते पाण्यात उतरतंय. ते पोटातल्या बाळाच्या डोक्यात जातं. पाणी ओतून टाका, हौद फोडा, आज शिजवलेलं काही खाऊ नका.

साठ माणसं. आठ दिवसांनी येणारा टँकर. तो आज साडेअकराला येणार होता आणि हा हौद भरून देणार होता. त्यातून वस्तीवरच्या अकरा घरांनी आठवडाभर हंडे भरायचे होते. त्याआधी तीन महिने बायका अडीच कोसांवरून पाणी आणत होत्या. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

“पानी वतायचं?” म्हाळाप्पानं विचारलं. आवाज चढला नव्हता. “पुन्यांदा सांग. माझ्या कानाला कमी येतं. पानी वतायचं?”

“हो आजोबा.”

“कशापायी?”

“शिसं आहे त्यात.”

“दिसतं का?”

“नाही.”

“वास?”

“नाही.”

“मग तुला कसं ठावं?”

“मशीनवर कळतं.”

“मशीन आनलंय का संगं?”

कोणीतरी फिसकन हसलं. सुलाबाईच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं होतं. “म्याडम, आवो दोन म्हैनं पितोय की आमी समदी. कुनाला शिंकसुदिक न्हाय आली. आजच्या दिवशी असलं बोलू नगा. पोट दुखतंय माजं.”

मी बिराकडं बघितलं. तो झारा हातात धरून उभा होता. तोही विश्वास ठेवत नव्हता.

“दुप्पट शिमिट हाय म्याडम,” तो हळूच म्हणाला, मला समजावल्यासारखा. “फुटंल कुठनं?”

•

ओटीच्या ताटात हळद होती.

मला वाटलं, डोळ्यांनी दाखवावं. चुनखड्या पाण्यात हळद लाल होते, शाळेत शिकवतात. मी ताटातली चिमूटभर हळद घेतली, हौदावरची फळी सरकवून आत हात घातला आणि ओंजळीतल्या पाण्यात ती सोडली. सगळे वाकून बघत होते.

हळद लाल झाली. लगेच. रक्तासारखी.

“बघा,” मी म्हणाले. “बघा आता.”

मग एक म्हातारी ओरडली, “कुक्कू झालं गं! हाळदीचं कुक्कू झालं!”

“बिरुबा देवाचं देनं! पान्याला कुक्कू आलं!”

“छबे, फुडं ये! लाव कपाळाला, लाव!”

माझ्या ओंजळीतलं पाणी त्यांनी बोटांनी टिपलं. छबूच्या कपाळाला लावलं, पोटाला लावलं. म्हातारीनं बोट चाटलं. सुलाबाई रडत हसत होती. तिनं माझ्याही कपाळाला लावलं आणि म्हणाली, “घाबरिवलं की वो आमाला!”

म्हाळाप्पा हौदाला हात जोडत होता.

बिरा तेवढा हलला नाही. डब्यातल्या कालवणाची हळद बोटाला राहिली आणि त्याच बोटांनी सिमेंटची गोण फोडली की बोट लाल होतं, हे तो चार वर्षं रोज बघत होता. देव नव्हता तो. चुना होता. तो माझ्याकडं बघायला लागला. झाऱ्यातून भात गळत होता.

“म्याडम,” तो म्हणाला, “किती दिस पिलं तर काय हुतं?”

“मला माहीत नाही, बिरा.”

“आन पोपडं?”

मी ओंजळीतलं उरलेलं पाणी झटकलं.

लांब वळणावर टँकरचा हॉर्न वाजला. पोरं तिकडं पळाली. अकरा वाजून दहा मिनिटं. त्या दिवशी तो लवकर आला होता. कार्याचं घर म्हणून ड्रायव्हरनं आधी इकडे गाडी घातली होती.

•

*प्रश्न: हौद फोडण्याचा निर्णय कसा झाला?*

*उत्तर: मी वस्तीवरील लोकांना वस्तुस्थिती सांगितली. त्यांनी सहकार्य केलं.*

•

टँकर मांडवाला लागला. ड्रायव्हर, त्याला सगळे बाबूलाल म्हणत, पाइपाचं तोंड घेऊन उतरला. “चला, फळी काढा! मला अजून तीन वस्त्या हायत्या!”

म्हाळाप्पानं हौदावरची फळी काढली.

पाइप हौदात जायच्या आत काहीतरी बोलायला हवं होतं. आकडे बोलून झाले होते. हळद दाखवून झाली होती. माझ्याकडे दोनच गोष्टी उरल्या होत्या. एक खरी होती. ती बोलले असते तर म्हाळाप्पा म्हणाला असता, तवा तू चुकलीस तर आता बरोबर हायस कशावरनं? आणि तो बरोबर असता.

मी दुसरी बोलले.

“ही खडी कारखान्याच्या विषाच्या खड्ड्यातली आहे,” मी ओरडले. “बिरानं ती चोरून आणलीय. कोणाला न विचारता. उद्या पोलीस येतील.”

पोलीस हा शब्द कळला. चोरी कळली. विषाचा खड्डाही कळला. आमच्या कारखान्याला आसपासच्या गावांत सगळे विषाचा खड्डाच म्हणत. बाबूलालनं पाइपाचं तोंड वर केलं आणि एक पाऊल मागं सरकला. मी एवढा वेळ शिसं शिसं करत होते तेव्हा कोणी हललं नव्हतं.

“खरं हाय का वो?” सुलाबाईनं विचारलं. “ह्या काय बोलत्यात?”

बिरा माझ्याकडं बघत होता. टँकरचं इंजिन चालू होतं. मला वाटलं, आता तो बोलेल. बोलायलाच हवं होतं त्यानं. एका वाक्यात सगळं उलटलं असतं. मग हौद भरला असता, पंगत बसली असती.

“व्हय,” बिरा म्हणाला. “चोरली.”

“काय?” म्हाळाप्पानं विचारलं.

“चोरली म्हन्तो. इखाच्या खड्ड्यातनं. फुकट मिळाली म्हनून.”

म्हाळाप्पा हौदावरून उतरला. सावकाश. सत्तरीचा माणूस. बिरापर्यंत चालत आला आणि काठी त्याच्या तोंडावर मारली. एकदा. बिरानं चुकवली नाही. भुवई फुटली.

मग बिरा गोठ्यात गेला आणि पहार घेऊन आला.

दुप्पट सिमेंट होतं. हौद फुटेना. पहिले दहा-बारा घाव नुसतेच परत आले, पहार हातातून निसटत होती. तो रडत नव्हता, शिव्या देत नव्हता, घाव मोजल्यासारखे घालत होता. शेवटी छबूनं कुरतडलेल्या कोपऱ्यातून चीर गेली. पाणी आलं. आधी रेघ, मग धार, मग कोपराच निसटला आणि तळाला उरलेलं गुडघाभर पाणी अंगणात पसरलं.

आणि बायका धावल्या. हंडे, कळश्या, परात, ओटीचं ताट, मिळेल ते घेऊन. त्या पाणी भरायला लागल्या. जमिनीवरून, चिखलातून, ओंजळींनी. मी एकीच्या हातातली कळशी हिसकावून ओतली. तिनं मला ढकललं. मी दुसरीची ओतली. “जनावरांला तरी घिऊ द्या!” ती किंचाळली. “जनावरांला तरी!” मी चिखलात बसून कळश्या पालथ्या घालत होते. मला दोघींनी धरलं. माझा चष्मा गेला. तरी मी पायानं एक हंडा लवंडला.

बाबूलालनं टँकर मागं घेतला. हौदच नाही तर ओतणार कशात? जी भांडी रिकामी होती तेवढी भरली. बाकीचं पाणी पुढच्या वस्तीला गेलं. अकरा घरांनी भांड्यांतल्या तेवढ्या पाण्यावर आठ दिवस काढायचे.

भाताचं पातेलं, डाळ, शिरा, सगळं बिरानं लिंबामागच्या खड्ड्यात ओतलं. साठ माणसं उपाशी घरी गेली. ओटी कोणी भरली नाही. छबू हिरव्या लुगड्यात ओसरीवर बसून होती. मी माझ्या पर्समधला बिस्किटांचा पुडा तिला दिला. तिनं घेतला, फोडला, आणि बापाकडं पाठ करून खाल्ला.

•

दुसऱ्या दिवशी मी तिला जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. रक्त पुण्याला पाठवलं. तेरा दिवसांनी कागद आला. आकडा इथे लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले, आता आणखी जाऊ द्यायचं नाही, एवढंच हातात आहे. पाणी बदला, दूध, अंडी, लोहाच्या गोळ्या, दर पंधरा दिवसांनी दाखवा. छबू दर पंधरा दिवसांनी आली. जीपनं, दोन तास, ते पोट घेऊन. गोळ्या कडवट लागायच्या, उलटी व्हायची, तरी घ्यायची. सासरचे म्हणाले, कशाला जातेस, काही नसतं. ती म्हणाली, म्याडमनी सांगितलंय.

बिराला कामावरून काढलं. चौकशी कारखान्याच्या ऑफिसात झाली. आधी त्याला बोलावलं, मग मला. मी आत गेले तेव्हा त्याचा जबाब टेबलावर होता, त्याच्या वाकड्यातिकड्या सहीचा. वाचता येत होता. एकच ओळ होती: ठोकळे मी कोणाला न विचारता नेले.

•

*प्रश्न: तपासून झालेले ठोकळे घरी नेण्याबाबत मेटकरी यांनी आपणांस विचारलं होतं का?*

*उत्तर: नाही.*

•

फेब्रुवारी. दुपारचे तीन. मी रजिस्टर भरत होते. बिरा दारात उभा राहिला, बूट बाहेर काढून. प्रयोगशाळेत तो नेहमी अनवाणी यायचा.

“म्याडम, येक इचारू? त्यो मागचा ठोकळ्यांचा ढीग. तुमच्या कामाचा हाय का?”

“नाही रे. तपासून झालेत ते.”

“पोरगी यायची हाय बाळतपनाला. दारात पान्याचा हौद बांधावा म्हन्तो. खडी इकत घ्यायची तर लई जाती. ते तुकडं घातलं तर?”

मी मान वर केली नाही. आकडे उतरवत होते, रांग चुकली असती.

“घाल की. पास झालेत. दगड झालेत ते आता.”

“पान्याचा हौद हाय म्हनून इचारलं. मिक्सरमदी काय जातंय त्ये मला ठावं हाय. भ्या वाटतं.”

“अरे, सिमेंट धरून ठेवतं सगळं. भीती वाटत असेल तर सिमेंट जास्त घाल.”

“किती?”

“दुप्पट घाल,” मी म्हणाले. “म्हणजे शांत झोप लागेल तुला.”

तो गेला. रांग चुकली नाही. मे महिन्यापर्यंत मी हे विसरून गेले होते. खरोखर विसरले होते. चुलाण्यामागं त्यानं ते एक वाक्य उच्चारलं तोपर्यंत.

“आन तुमीच तर म्हनला दुप्पट घाल.”

•

चौकशीनंतर तो गेटवर हेल्मेट आणि बूट जमा करायला आला होता. भुवईवर टाके. मी त्याच्यामागं रस्त्यापर्यंत गेले.

“बिरा, मी साहेबांना सांगते. आत्ता जाऊन सांगते. मीच म्हणाले होते.”

“नगा सांगू.”

“तुझी नोकरी—”

“म्याडम, उन्हात हुबं ऱ्हाऊ नगा, हिकडं या.” त्यानं मला बाभळीखाली घेतलं. “छबी गोळ्या कुनाच्या सांगन्यावरनं खाती?”

त्यानं भुवईवरचा घाम पंच्यानं टिपला.

“माज्या? तिच्या आयच्या? डॉक्टरचं नाव बी ठावं न्हाय तिला. तुमच्या सांगन्यावरनं खाती. पोपडं सोडलं कुनाच्या सांगन्यावरनं? राती दोनदा उटून काठाकडं जायाची, हौद फुटला तरी. तुकडं हुडकायची. आता हुडकत न्हाय. म्याडम म्हनल्यात, बाळाला वाईट. उद्या तिला कळलं, ह्याच बाईनं आदी सांगितलं हुतं घाल म्हनून. मग?”

“मग काय?”

“मग ती म्हनंल, तवा येक सांगितलं, आता दुसरं सांगती. सासरची टपल्यालीच हायती. गोळ्या बंद. जीप बंद.” त्यानं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “दोन म्हैनं. बाळत होऊस्तोवर गप ऱ्हावा. मग सांगा कुनाला सांगायचं त्ये.”

“आणि तोवर तू चोर?”

“चोरच की. म्या बोललोय साठ मान्सांफुडं.” पहिल्यांदा तो थोडा हसला. “तुमी आता मला खोटा पाडू नगा.”

मी गप्प राहिले. त्यानं सांगितलं म्हणून. नंतरची सोळा वर्षं त्यानं सांगितलं नव्हतं.

•

जुलैच्या तेवीस तारखेला छबू बाळंत झाली. मुलगी. पावणेदोन किलो. रडली, पण उशिरा. डॉक्टर म्हणाले, आत्ताच काही सांगता येत नाही, वर्षा-दोन वर्षांनी बघू, बसते कधी, बोलते कधी.

मी वॉर्डच्या दारात पोचले तेव्हा बिरा बाहेर जाळीपाशी उभा होता. नवं धोतर. आत का जात नाहीस, विचारलं तर म्हणाला, “जावा तुमी फुडं.”

दोन महिने संपले होते. मी ठरवून आले होते. वाक्य पाठ केलं होतं.

छबू उठून बसली. बाळ तिनं आधी माझ्या हातात दिलं. आजीच्याही आधी. सुलाबाईनं सरकून जागा करून दिली. बाळाला वजनच नव्हतं. मूठ मिटलेली, डोळे मिटलेले.

“छबू, मला तुला एक सांगायचंय.”

“आदी माजं ऐका,” ती म्हणाली. “आबा भाईर हुबा हाय, मला ठावं हाय. आय सकाळधरनं सांगती, बोलीव. म्या न्हाई बोलवायची. चोरीच्या मालाचं पानी पाजलं त्यानं मला. फुकट मिळतंय म्हनून. माज्या लेकीला त्येचा हात लागू द्यायची न्हाई म्या. कंदीच.” तिच्या आवाजात राग नव्हता, निवाडा होता. “तुमी आला नसता त्या दिशी, तर ही दिसली नसती.”

सुलाबाई खाली बघत होती.

“काय सांगत हुता तुमी?”

गोळ्या अजून वर्षभर चालू ठेवायच्या होत्या. बाळाला दर महिन्याला दाखवायचं होतं. बिराचं गणित अजून खरं होतं. ते मला सोयीचंही होतं. दोन्हींतलं कुठलं आधी मनात आलं, हे मी सोळा वर्षं स्वतःला विचारते आहे.

“पाणी उकळून गार करून पी,” मी म्हणाले. “एवढंच.”

ती खाटेवरून उतरली. टाके ओले होते, तिनं ओठ चावला. सुलाबाई म्हणाली, अगं नगं, पण ती ऐकेना. खाटेची दांडी धरून ती हळूहळू वाकली आणि तिनं माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

जाळीबाहेरून बिरा बघत होता.

मी पाय मागे घेतले नाहीत.